पूर्ण वाक्यात

१३ जानेवारी, सोमवार
टॅलकटला पोचले. बर्फ गुडघाभर. खोली वरच्या मजल्यावर. टेबल, खुर्ची, पलंग, दोन खिडक्या. ऊब खालच्या शेगडीची. भाडं गावात सर्वांत कमी. घर मिस हॅरिएट ऑर्कट यांचं. त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या. आता त्यांचा भाऊ एल्विन एकटा. गावच्या शाळेत मिस ऑर्कट माझ्या शिक्षिका, हा योगायोग. निवड निव्वळ भाड्यावरून.

रोजनिशीचा नियम: तुटक लिहायचं. क्रियापदं शक्यतो नकोत. वेळ वाचतो. वाचणारं तसंही कोणी नाही.

१४ जानेवारी, मंगळवार
कामाची रूपरेषा. मी धोरणसंस्थेत आकडेतज्ज्ञ. संस्थेचं मत: सरकारने पैसा द्यावा, निवड माणसांवर सोडावी. माझंही तेच मत, आकडे पाहून बनलेलं. विषय: टॅलकटची प्राथमिक शाळा. व्हरमाँट राज्याचा कायदा सोपा. गावाची शाळा असेल तर मुलांनी तिथंच जायचं. शाळा नसेल तर गाव दर मुलामागे ठरलेली रक्कम देणार, आईबाप म्हणतील त्या शाळेला. म्हणजे शाळा बंद, निवड मोकळी. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा. त्यात मतदान. जिंकलो की संचालक प्रेंटिस ‘टॅलकट नमुना’ राज्यभर मांडणार.

अडचण दिसत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार
गावकचेरीत मतदार यादीत नाव. माझ्या गणितात हे एकमेव खात्रीचं मत. बाकी सगळे अंदाज. कारकूनबाईंनी उजवा हात वर करायला लावला. मतदाराची शपथ: कुणाची भीती किंवा मर्जी न धरता, मनाला हिताचं वाटेल तसंच मत देईन. औपचारिकता. बाई म्हणाल्या, हात घे आता खाली, शपथ कधीची संपली. लक्षात आलं नव्हतं. खांदा आखडला असावा.

२० जानेवारी, सोमवार
लिझेट गॅन्यो भेटायला. शाळेत आम्ही दोघी एका बाकावर. आता चीजच्या कारखान्यात पहाटेची पाळी. शाळा बंद करण्याचा विषय सभेपुढे आणणारी तीच. सह्या तिनेच गोळा केलेल्या. मुलगी थिया, दहा वर्षांची. शाळेतली गणिताची सगळी पुस्तकं संपली. गणिताच्या तासाला आता लहान मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधण्याचं काम. डोंगरापलीकडे ब्रॅडिश अकॅडमी, तिथं प्रयोगशाळा, गणिताला वेगळे शिक्षक. फी लिझेटच्या आवाक्याबाहेर.

लिझेटचं म्हणणं: दंतवैद्याचा मुलगा जातोच की तिथं. निवड आहे गं गावात, फक्त माझ्या घरापर्यंत येत नाही. हे वाक्य अहवालाच्या सुरुवातीला घ्यायचं.

जाताना म्हणाली, त्या बाईंच्या खोलीत राहतेस, काही वाटत नाही तुला? सांगितलं, भाडं कमी आहे. ती म्हणाली, कमी का आहे ते विचारलंस का?

विचारलं नाही. बाजारभाव म्हणजे बाजारभाव.

२२ जानेवारी, बुधवार
सकाळी शाळा भरायच्या सुमारास भिंतीतून खडूचा आवाज. फळ्यावर लिहिल्यासारखा. एक ओळ, थोडं थांबणं, दुसरी ओळ. शेवटी एक ठिपका, जोर देऊन. संभाव्य कारण: उंदीर. दुसरं कारण: थंडीने आकसणारं लाकूड.

मिस्टर ऑर्कटना विचारलं. ते पूर्वी गावच्या रस्त्यांचे प्रमुख. आता शेगडीजवळ बसून सगळ्या गावावर देखरेख. म्हणाले, उंदीर पूर्णविराम देत नाही, पोरी.

२७ जानेवारी, सोमवार
फोनवर आवाज रेकॉर्ड करण्याचा प्रयोग. रेकॉर्डिंगमध्ये फक्त माझ्या टंकलेखनाचा आवाज. पण खडूचा आवाज आला की माझं टंकलेखन थांबतं आणि तो थांबला की सुरू होतं, हे रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट. म्हणजे मी कशाला तरी वाट देत होते. नमुना अपुरा. निष्कर्ष नाही.

निश्चय: सकाळी कानात गाणी लावून काम.

३ फेब्रुवारी, सोमवार
अहवालाचा मसुदा काल संध्याकाळी टेबलावर ठेवला. आज सकाळी काही ओळींखाली लाल पेन्सिलीच्या रेघा. आकडे तपासले, सगळे बरोबर. रेघा आकड्यांखाली नाहीतच. रेघा फक्त क्रियापद नसलेल्या ओळींखाली.

मिस ऑर्कट यांची ही सवय होती हे खरं. वर्गात एका शब्दात उत्तर दिलं की त्या खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, “पूर्ण वाक्यात.” ओरडायच्या नाहीत. वाक्य पूर्ण होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायच्या. पण सवय माणसाबरोबर जाते.

संशय मिस्टर ऑर्कट यांच्यावर. त्यांचं उत्तर: मला चष्म्याशिवाय माझे पाय दिसत नाहीत, आणि चष्मा हरवून वर्ष झालं. माझ्या अंगठ्यावर मात्र लाल डाग. काल जेवणात बीट-बटाट्याचं परतलेलं होतं. बीट. विषय संपला.

टेबलाच्या खणात एक लाल पेन्सिल आहे. टोक ताजं काढलेलं.

मसुदा पुन्हा छापला, सगळी वाक्यं पूर्ण करून. रोज कागद वाया जाऊ नये, एवढाच हेतू.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
खर्चाचे आकडे घ्यायला शाळेत गेले. मुलं एकोणीस, वर्ग दोन. इमारत मुलांच्या मानाने फार मोठी. अहवालाला अनुकूल.

पहिलीतल्या एका मुलाला विचारलं, बॉयलर कुठे? तो म्हणाला, “तुम्ही विचारताय तो बॉयलर तळघरात आहे.” दुसऱ्या मुलीला नाव विचारलं. तिनेही आधी श्वास घेतला आणि सबंध वाक्य बोलली. नव्या बाई पश्चिमेकडून आलेल्या, याच वर्षी. त्यांना विचारलं, ही शिस्त तुम्ही लावलीत का? त्या म्हणाल्या, छे हो, मी आले तेव्हाच ही अशी बोलत होती. मोठी मुलं छोट्यांना टोकतात. पहिल्या दिवशी तर मलाच टोकलं.

मिस ऑर्कट यांनी नोकरी सोडून आठ वर्षं झाली. आज शाळेत असलेल्या एकाही मुलाने त्यांना वर्गात पाहिलेलं नाही. माझ्या तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नाही. जे मोजता येत नाही ते खर्चात धरता येत नाही.

थियाला विचारलं, शाळा आवडते का? ती म्हणाली, “मला ही शाळा आवडते, पण मला इथं कंटाळा येतो.” वाक्याचा उत्तरार्ध अहवालात घेतला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
संचालकांचा फोन. सभेचे नियम त्यांना समजावून सांगावे लागले. आपल्या विषयाला सर्वांत मोठा धोका ‘पास ओव्हर’चा. एखादा माणूस उठतो आणि म्हणतो, हा विषय पास ओव्हर करावा, म्हणजे यावर मत न घेता पुढच्या विषयाकडे जावं. मग मत त्या सूचनेवर होतं. तिला ‘हो’ म्हणणं म्हणजे आपल्या विषयाला ‘नाही’ म्हणणं. नवखे लोक इथं फसतात. शाळा बंद करायची म्हणून उत्साहाने ‘हो’ म्हणतात आणि स्वतःचाच विषय पाडतात. संचालक दोनदा गोंधळले. मी दोनदा समजावलं.

आपल्या बाजूच्या लोकांसाठी मी खिशात मावेल असं कार्ड छापलं आहे: ‘पास ओव्हर आलं तर बसून राहा. नाही म्हणा.’ शब्द कमी, अर्थ स्पष्ट.

छापून आल्यावर पाहिलं तर कार्डावर असं आहे: ‘कोणी पास ओव्हरची सूचना मांडली तर आपण आपल्या जागी बसून राहावं आणि तिला नाही म्हणावं.’ छापखान्याला मी हेच पाठवलं होतं, असं ते म्हणतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
अहवाल दिला. संचालकांनी भाषेचं कौतुक केलं. म्हणाले, इतकी नीटस वाक्यं संस्थेत बऱ्याच वर्षांत कोणी लिहिली नाहीत.

मिस्टर ऑर्कट यांनी पॅनकेकवर पाक ओतताना सांगितलं की पास ओव्हरची सूचना तेच मांडणार आहेत. मी विचारलं, मला आधीच का सांगताय? म्हणाले, घरातल्या माणसाला सांगायला हवं ना. मग म्हणाले, तू म्हणतेस पैसा पोरामागे जातो. जाऊ दे की. पण पोरं डोंगरापलीकडे गेली की संध्याकाळी त्यांना आणायला आई जाणार, बाजार तिकडेच करणार, केस तिकडेच कापणार. मग मी कुणाशी भांडू इथं? मी म्हटलं, लोक जिथं समाधानी असतील तिथं जातील, आणि एका मुलीला नाड्या बांधायला लावून गाव जिवंत ठेवणं हा अन्याय आहे. त्यांनी पाकाची बाटली खाली ठेवली. म्हणाले, हे हॅरिएटही म्हणाली असती. पण तिने मग स्वतःच त्या पोरीला गणित शिकवलं असतं.

यावर उत्तर होतं. एका व्यक्तीच्या चांगुलपणावर धोरण उभं करता येत नाही. मी दिलं नाही, कारण तोंडात घास होता.

निश्चय: विरोधी बाजूबरोबर नाश्ता बंद.

२४ फेब्रुवारी, सोमवार
नाश्ता चालू आहे, कारण स्वयंपाकघर एकच आहे.

आज मागची पानं चाळली. १३ जानेवारीचा नियम मी केव्हा सोडला ते सांगता येत नाही. नोंदी लांबल्या आहेत, प्रत्येक ओळीला कर्ता आहे, क्रियापद आहे. याला थकवा हेच कारण असावं. थकलेला माणूस सवयीने लिहितो. उद्यापासून पुन्हा तुटक.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
थंडी. कार्डं वाटून पूर्ण. सर्व ठीक.

२६ फेब्रुवारी, बुधवार
कालच्या नोंदीखाली तीन लाल रेघा आहेत.

काल जेवणात बीट नव्हतं.

३ मार्च, सोमवार
लिझेटच्या घरी तिची उजळणी घेतली. मी सभाध्यक्ष झाले, ती मतदार. मी म्हटलं, पास ओव्हरच्या बाजूने असतील त्यांनी उभं राहावं, आणि ती तीनदा उभी राहिली. चौथ्यांदा बसून राहिली. म्हणाली, हे काय गं उलटंपालटं, हो म्हणजे नाही आणि उभं म्हणजे आडवं. मी तिला सांगितलं की हे अतिशय सोपं आहे, फक्त लक्ष जागेवर हवं.

थिया तिथंच बसून ऐकत होती. तिने विचारलं, उद्या आई जिंकली तर मी सप्टेंबरमध्ये अकॅडमीत जाईन का? मी सांगितलं की माझ्या गणिताप्रमाणे तू जाशील. तिने मागितलं म्हणून तिला गणित दाखवलं. तिने एका बेरजेत चूक काढली. फरक आमच्या विरोधात जातो, पण किरकोळ आहे. आता आम्ही अगदी थोड्या मतांनी जिंकतो. माझं मत त्यात धरलेलं आहे.

४ मार्च, मंगळवार, दुपारी
घटनेची नोंद क्रमाने करते.

सभा शाळेच्याच सभागृहात होती. बायका विणत होत्या, मागच्या टेबलांवर बीन्स आणि ॲपल-पाय मांडलेले होते. रस्ते, अग्निशमनाची गाडी, कुत्र्यांचे परवाने झाले आणि आमचा विषय आला. लिझेट बोलली. दंतवैद्याच्या मुलाचं वाक्य तिने माझ्या अहवालापेक्षा चांगलं म्हटलं. दंतवैद्यही खाली बघत होता. मग मिस्टर ऑर्कट उठले, पास ओव्हर म्हणाले आणि बसले. आवाजी मतदानात दोन्ही बाजू सारख्या वाटल्या. लोकांनी मोजणी मागितली. सभाध्यक्ष म्हणाले, पास ओव्हरच्या बाजूने असतील त्यांनी उभं राहावं.

मी उभी राहिले.

कारण असं की, सभाध्यक्षांनी ‘हो’चा अर्थ सभेला स्पष्ट करून सांगितला नव्हता. नवख्या मतदारांचा गोंधळ होऊ नये म्हणून मी हरकतीचा मुद्दा मांडणार होते. त्यासाठी उभं राहावं लागतं. मुद्दा माझ्याकडे तयार होता.

तेवढ्यात माझ्या मागे खडूचा आवाज सुरू झाला. मागे फळा आहे, तो कोरा होता. मी वळून खात्री केली. एक ओळ, थोडं थांबणं, दुसरी ओळ. मी आवाज संपायची वाट बघत राहिले. मोजणारे रांगेरांगेने माझ्यापर्यंत आले. सभाध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, नेल, तू बाजूने उभी आहेस, की नुसतीच उभी आहेस? लोक हसले. मग हसायचे थांबले. लिझेट तिसऱ्या रांगेत बसून होती. तिच्या हातात माझं कार्ड होतं आणि ती माझ्याकडे बघत होती.

उत्तर देणं भाग होतं. मी म्हणाले, “मी उभी आहे.”

वाक्य पूर्ण होतं. मागे पूर्णविराम पडला.

मोजणाऱ्याने मला मोजलं. विषय एका मताने बाजूला ठेवला गेला.

जेवण वाढायची पाळी लिझेटची होती. तिने माझ्या ताटलीत बीन्स वाढले. वाढणं इतरांइतकंच होतं.

५ मार्च, बुधवार
लिझेटकडे गेले. तिने दार उघडलं पण आत ये म्हणाली नाही. मी प्रक्रियेतली त्रुटी समजावून सांगितली. ती म्हणाली, कार्ड तू छापलंस. उजळणी तू घेतलीस. मी तीनदा चुकले तेव्हा तू माझ्याकडे कशी बघत होतीस, ते मला माहीत आहे. मी म्हटलं, मी मुद्दा मांडायला उठले होते. ती म्हणाली, मग मांडायचा होतास.

मग तिने हळू आवाजात विचारलं, कुणाला भ्यालीस तू, नेल? मेलेल्या बाईला?

मी सांगितलं की मी कुणाची भीती किंवा मर्जी न धरता मत देते आणि तशी शपथ घेतलेली आहे. हे बोलताना माझा उजवा हात वर गेला होता. लिझेटने तो बघितला आणि दार लावून घेतलं.

माझी मतं बदललेली नाहीत. थियाला निवड मिळायला हवी होती, हे मी आजही आकड्यांनी सिद्ध करू शकते. चूक तांत्रिक आहे.

१० मार्च, सोमवार
संचालकांचा फोन. टॅलकट आता नमुना राहिलेलं नाही. दुसरं गाव शोधत आहेत. त्यांना एका मताचं फार लागलं. म्हणाले, फक्त एक मतदार, नेल. तो कोण आहे ते शोधून त्याला समजावता आलं नसतं का?

मी सांगितलं की प्रयत्न चालू आहेत.

त्यांनी राजधानीत परत यायला सांगितलं. मी म्हटलं, मार्चअखेरपर्यंतचं भाडं भरलेलं आहे, ते वाया घालवणं किफायतशीर नाही. मिस्टर ऑर्कट खालून ओरडले की पुढच्या महिन्याचं नाही दिलंस तरी चालेल. ते फोनवर ऐकू गेलं नसावं.

२० मार्च, गुरुवार
लिझेटने पुढच्या वर्षीच्या सभेसाठी आतापासून सह्या घ्यायला सुरुवात केली आहे. ती आमच्या घरापर्यंत आली, मिस्टर ऑर्कट यांच्याकडे सही मागितली, त्यांनी चष्मा नाही म्हणून दिली नाही, दोघं थोडा वेळ भांडले. माझ्याकडे तिने मागितली नाही.

दुपारी शाळा सुटल्यावर थिया आली. दारातच तिने निरोप सांगितला, पाठ केल्यासारखा: “आईने सांगितलंय की शाळा तुम्ही ठेवलीत, तर आता गणितही तुम्हीच बघा, आणि हे उपकार नाहीत.” मी तिला सांगितलं की ही व्यवस्था तात्पुरती आहे, आणि एका व्यक्तीच्या चांगुलपणावर धोरण उभं करता येत नाही. तिने ओले बूट काढले आणि वर गेली. तिला खोली कुठे आहे ते माहीत होतं.

तिला खुर्ची दिली. मी खिडकीशी उभी राहिले, कारण खोलीत खुर्ची एकच आहे. अपूर्णांकांचं एक उदाहरण घातलं. तिने ते मनातल्या मनात सोडवलं आणि उत्तर दिलं: तीन अष्टमांश. बरोबर होतं. बाहेर छपरावरून बर्फ वितळून ठिबकत होता, तो मी बघत होते.

“पूर्ण वाक्यात.”

थियाने माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि उत्तर पुन्हा दिलं, या वेळी क्रियापदासकट.

मी काही बोलले नव्हते, असं मी इथं नोंदवून ठेवते. खोलीत आम्ही दोघीच होतो.